स्वतःचा जळालेला संगणक पुन्हा घडवणारा माणूस : कोनराड त्सुझे



आपल्या बहुतेक शाळांत एक बंद खोली असते. त्यात मोडकी बाकं, फाटके नकाशे आणि एका कोपऱ्यात दोन-चार जुने संगणक धूळ खात पडलेले असतात. पाठीमागे पोट सुटलेला मॉनिटर, पिवळा पडलेला कीबोर्ड, आणि कुणाचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही असा एक सीपीयू. साफसफाई निघाली की भंगारवाला येतो आणि सगळं किलोवर जातं.

जगात काही मंडळी मात्र याच्या अगदी उलट करतात. जुने संगणक शोधून आणतात, मागचं लेबल वाचून ते कोणत्या कंपनीचं कोणतं मॉडेल आहे हे ओळखतात, फुगलेले कपॅसिटर बदलतात आणि तीस-चाळीस वर्षं बंद पडलेलं यंत्र पुन्हा चालू करतात. हा एक रीतसर छंद आहे. मुलांना तो सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर, पण उपयोग काय?

या प्रश्नाचं उत्तर मला एका माणसाच्या चरित्रात सापडलं. त्याने तरुणपणी घरात संगणक बनवला, तो बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला, आणि सुमारे पन्नास वर्षांनी, म्हातारपणी, त्याने तोच संगणक पुन्हा बनवला. त्याचं नाव कोनराड त्सुझे.

बालपण आणि शिक्षण

कोनराडचा जन्म २२ जून १९१० रोजी जर्मनीतील बर्लिन शहरात झाला. वडील टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांच्या बदलीमुळे कोनराडचं लहानपण आधी ब्राउन्सबर्ग आणि नंतर होयर्सवेर्डा या लहान गावांत गेलं. त्याला चित्रकलेची मनापासून आवड होती. शिवाय पट्ट्या आणि स्क्रू जोडून वस्तू बनवायच्या खेळात तो रमून जायचा. आपल्याकडे मुलं मेकॅनो खेळतात ना, तसाच तो खेळ.

पुढे बर्लिनच्या तांत्रिक महाविद्यालयात त्याने प्रवेश घेतला. आधी यंत्र अभियांत्रिकी, मग वास्तुकला आणि शेवटी स्थापत्य अभियांत्रिकी अशी त्याची गाडी रूळ बदलत गेली. आपल्या घरातल्या मुलाने दोनदा शाखा बदलली तर आपला जीव किती खालीवर होतो! १९३५ मध्ये तो पदवीधर झाला.

स्थापत्याच्या अभ्यासात त्याला एका गोष्टीचा फार कंटाळा यायचा, ती म्हणजे आकडेमोड. तुळईवर किती भार येईल, खांब किती जाड हवा, हे काढायला एकाच प्रकारची गणितं पुन्हा पुन्हा करावी लागत. आधीचं उत्तर लिहायचं, ते पुढच्या रकान्यात घालायचं, पुन्हा गुणाकार. ही पायऱ्यांची यादी जर ठरलेली आहे, तर ती यंत्राने का करू नये, असा विचार त्याच्या मनात आला. आपल्या वर्गातही कंटाळणारी मुलं असतात. त्यांतलं एखादं कामाला कंटाळलेलं नसतं, ते कामाच्या पद्धतीला कंटाळलेलं असतं. हा फरक आपल्याला ओळखता यायला हवा.

घरातला पहिला संगणक

पदवीनंतर त्सुझे यांना हेन्शेल या विमान कारखान्यात नोकरी लागली. ती त्यांनी लवकरच सोडली आणि १९३६ मध्ये आई-वडिलांच्या बर्लिनमधल्या घरात यंत्र बनवायला घेतलं. हातात चांगली पदवी असताना मुलगा नोकरी सोडून दिवाणखान्यात पत्रे कापत बसतो, हे त्या घराने कसं सोसलं असेल, याची कल्पना पालकांनीच करावी! पण घरच्यांनी पैसे दिले, मित्रांनी पैसे दिले, आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते ते करवत घेऊन पत्रे कापायला बसले.

१९३८ मध्ये यंत्र उभं राहिलं. आज आपण त्याला झेड-१ म्हणतो. त्यात सुमारे ३०,००० सुटे भाग होते. आदेश दिले जात ते छिद्रं पाडलेल्या सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फितीवरून. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे यंत्र आपल्या दशमान पद्धतीने मोजत नव्हतं. ते शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालत होतं. आजचा प्रत्येक संगणक आणि आपल्या खिशातला मोबाइलसुद्धा याच द्विमान पद्धतीवर चालतो.

पत्रा आणि पिन

आता मुलं विचारतील, विजेचे स्विच नसताना शून्य आणि एक कसे मांडले? हे समजावून सांगणं सोपं आहे. दाराची कडी आठवा. कडी इकडे असली की शून्य, तिकडे सरकवली की एक. झेड-१ मध्ये कडीऐवजी पत्र्याच्या पातळ पट्ट्या होत्या.

एक पट्टी ढकलणारी, दुसरी ढकलली जाणारी, आणि दोघींच्या खाचांतून गेलेली एक पिन. ती पिन कुठे असावी हे तिसरी पट्टी ठरवायची. पिन अरुंद खाचेत असली की पहिली पट्टी दुसरीला आपल्याबरोबर ओढून न्यायची. पिन रुंद खाचेत असली की पहिली नुसतीच सरकायची, दुसरी जागची हलत नसे. म्हणजे तिसऱ्या पट्टीने परवानगी दिली तरच पहिलीचा निरोप दुसरीला पोचतो. अशा हजारो पट्ट्या थरावर थर रचून त्सुझे यांनी बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार करणारं यंत्र तयार केलं.

मात्र एक अडचण कायम राहिली. यंत्र मध्येच अडकायचं. कुठलीतरी पट्टी वाकायची, कुठलीतरी पिन रुतायची. विचार बरोबर होता, पण हाताने कापलेला पत्रा त्या विचाराला पुरा पडत नव्हता.

जुन्या रिलेंपासून नवं यंत्र

मग त्सुझे यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये वापरतात त्या रिलेंकडे मोर्चा वळवला. रिले म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच. नवे घ्यायला पैसे नसल्यामुळे सुरुवातीला जुने, वापरून काढून टाकलेले रिले जमवले आणि दुरुस्त करून बसवले. जुन्या वस्तूंचा छंद असणाऱ्यांना हा प्रसंग नक्की आवडेल.

झेड-२ हा प्रयोग झाला आणि १२ मे १९४१ रोजी त्यांनी झेड-३ काही तज्ज्ञांना चालवून दाखवला. त्यात सुमारे २,६०० रिले होते. ६४ संख्या लक्षात ठेवता येत होत्या, आणि एका गुणाकाराला साधारण तीन सेकंद लागायचे. आज हे वाचून मुलं हसतील. हसू द्या. पण त्यांना हेही सांगा की आदेशांच्या फितीवर आपोआप चालणारा, प्रत्यक्ष काम करणारा जगातला पहिला संगणक म्हणून अनेक अभ्यासक याच यंत्राकडे बोट दाखवतात.

एक न टाळता येणारी गोष्ट

चरित्र सांगताना आपण चांगलं तेवढं सांगतो आणि अडचणीचं झाकतो. इथे ते करू नये, असं मला वाटतं.

हे सगळं घडत होतं हिटलरच्या जर्मनीत. त्सुझे यांच्या कामाला विमान संशोधन संस्थेकडून पैसा मिळत होता. युद्धाच्या काळात त्यांनी हेन्शेल कारखान्यासाठी खास गणनयंत्रं बनवली. विमानातून सोडायच्या उडत्या बॉम्बच्या पंखांत राहिलेली तफावत मोजून दुरुस्त करायला ती यंत्रं वापरली जात. म्हणजे ज्या बुद्धीने तुळईवरचा भार मोजायचा होता, तीच बुद्धी बॉम्बचा नेम सुधारायला लागली. मुलांपुढे हे असंच ठेवावं. हुशारी कुणाच्या कामाला येते, हा प्रश्न आपल्या पिढीलाही चुकलेला नाही.

आणि त्याच युद्धाने त्यांची यंत्रं गिळली. २१ डिसेंबर १९४३ च्या हवाई हल्ल्यात झेड-३ नष्ट झाला. बर्लिनवरच्या त्याच काळातल्या बॉम्बफेकीत झेड-१ गेला, आणि त्याबरोबर त्याचे बांधणीचे आराखडेही गेले.

ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवू या. यंत्र मोडलं तर आराखड्यावरून पुन्हा बनवता येतं. आराखडा हरवला तर यंत्र उघडून शिकता येतं. दोन्ही गेलं की उरतं ते फक्त एका माणसाच्या डोक्यात.

वाचलेलं यंत्र

चौथं यंत्र मात्र वाचलं, त्याची कहाणी मोठी रंजक आहे. बर्लिनवर बॉम्ब पडत असताना ते शहरातच जागा बदलत राहिलं. १९४५ च्या सुरुवातीला ते आगगाडीने ग्योटिंगनला हलवण्यात आलं. त्या वेळी या यंत्रांना झेड नव्हे तर व्ही हे अक्षर लावलं जायचं, कारण प्रायोगिक नमुना या अर्थाचा जर्मन शब्द त्या अक्षराने सुरू होतो. जर्मनीची कुप्रसिद्ध अस्त्रं होती व्ही-१ आणि व्ही-२. साहजिकच व्ही-४ हे नाव कागदावर दिसलं की हे काहीतरी अतिगुप्त अस्त्र असणार असं लोकांना वाटायचं, आणि यंत्राचा प्रवास सोपा व्हायचा! युद्धानंतर हा घोटाळा नको म्हणून सगळ्या यंत्रांची नावं बदलून झेड करण्यात आली. जुनी यंत्रं गोळा करणारे लेबल वाचण्यावर इतका भर का देतात, ते यावरून कळावं. एका अक्षराने यंत्राची ओळख बदलते.

पुढे ते यंत्र हार्ट्स डोंगराखालच्या बोगद्यांत नेण्याचा हुकूम होता. तिथे कैद्यांना गुलामासारखं राबवून रॉकेटं बनवून घेतली जात होती. तिथली अवस्था पाहिल्यावर त्सुझे यांनी यंत्र तिथे ठेवलं नाही. ते दक्षिणेला आल्प्सच्या कुशीतल्या हिंटरश्टाइन या खेड्यात घेऊन गेले आणि झेड-४ तिथे लपवला. बरोबर पत्नी गिझेला होती. त्याच वर्षी त्यांचा पहिला मुलगा होर्स्ट जन्मला. यंत्र चालवायला वीज आणि सुटे भाग मिळणं कठीण, म्हणून त्सुझे यांनी त्या काळात कागदावर काम केलं. संगणकाला सूचना कशा लिहाव्यात याची एक संपूर्ण भाषा त्यांनी रचली. तिचं नाव प्लानकाल्क्यूल. ती पूर्ण स्वरूपात छापली गेली १९७२ मध्ये, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावर.

१९४९ मध्ये स्वित्झर्लंडमधील झ्युरिकच्या तांत्रिक विद्यापीठातले प्राध्यापक एडुआर्ड श्टीफेल यांनी खेड्यात ठेवलेलं हे यंत्र येऊन पाहिलं आणि भाड्याने घ्यायचं ठरवलं. १९५० मध्ये दुरुस्त होऊन झेड-४ झ्युरिकला पोचला आणि १९५५ पर्यंत तिथे राबला. नंतर तो फ्रान्समध्ये १९५९ पर्यंत वापरात होता. आज तो म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे.

कंपनी आणि पेटंट

१९४९ मध्ये त्सुझे यांनी स्वतःची संगणक कंपनी काढली. तिने एकूण २५१ संगणक बनवले. पण तंत्र झपाट्याने बदलत होतं, खर्च वाढत गेला, आणि १९६० च्या दशकात कंपनी त्यांच्या हातून गेली. शेवटी ती सीमेन्सकडे आली. १९४१ मध्ये केलेल्या पेटंटच्या अर्जाचा निकाल लागला १९६७ मध्ये, आणि तो विरोधात गेला. शोधाची पातळी पेटंट देण्याइतकी नाही, असं ठरलं. सव्वीस वर्षं वाट पाहून हाती काही नाही!

इथे कुणीही कडवट झाला असता. त्सुझे यांनी लहानपणाची चित्रकला पुन्हा जवळ केली आणि तैलचित्रं काढत राहिले.

शहात्तराव्या वर्षी पुन्हा पहिला पत्रा

आता आपण मूळ गोष्टीकडे आलो.

झेड-३ ची प्रतिकृती त्यांच्या कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बनवली होती. झेड-४ मूळ स्वरूपात शिल्लक होता. पण सगळ्यात पहिला, घरात पत्रे कापून बनवलेला झेड-१ काही जुन्या छायाचित्रांपुरताच उरला होता. तो नेमका कसा चालायचा, हे संपूर्ण जाणणारा माणूस एकच होता, आणि तो म्हातारा होत चालला होता.

१९८६ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्सुझे यांनी झेड-१ पुन्हा बांधायचं ठरवलं. सीमेन्ससह काही कंपन्यांनी पैसा उभा केला. खर्च आला सुमारे ८ लाख मार्क. मदतीला मोजके साथीदार होते. आठवून आठवून त्यांनी नव्याने आराखडे काढले. कोणती पट्टी कोणत्या थरात, कोणती खाच किती रुंद, कोणती हालचाल कोणत्या क्रमाने. आपण स्वतः पन्नास वर्षांपूर्वी केलेली एखादी वस्तू कागदाशिवाय पुन्हा बनवायची म्हटलं तर जमेल का, विचार करून बघा. आपल्याला गेल्या वर्षीचं पाठ टाचण आठवत नाही.

काम अर्ध्यावर असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. या कामाला एक शर्यत होती, ती इथे स्पष्ट दिसते. त्या वेळी ते गेले असते, तर झेड-१ दुसऱ्यांदा आणि कायमचा गेला असता. ते सावरले आणि पुन्हा कामाला लागले. १९८९ मध्ये यंत्र पूर्ण झालं. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते.

आज ते यंत्र बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात, क्रॉयत्सबर्ग भागात उभं आहे. त्यांचं मूळ यंत्र १९३८ मध्ये उभं राहिलं होतं ते याच भागात.

एक गंमत सांगायची राहिली. नवा झेड-१ सुद्धा जुन्यासारखाच मध्येच अडकायचा! सतत लक्ष दिल्याशिवाय तो फार वेळ चालत नसे. कुणी म्हणेल, एवढा खर्च करून दोषासकट बनवला? पण विचार करा, जुनी वस्तू जशी होती तशी परत आणायची तर तिच्या अडचणीही परत येणारच. ते यंत्र कुठे रुतत होतं हे पाहिल्यावरच कळतं की त्सुझे रिलेंकडे का वळले.

१८ डिसेंबर १९९५ रोजी ह्युनफेल्ड या गावी त्सुझे यांचं निधन झालं. त्यांच्या मुलाने, होर्स्ट त्सुझे यांनी, वडिलांच्या जन्मशताब्दीला, २०१० मध्ये, झेड-३ पुन्हा एकदा बांधून दाखवला.

यंत्र असूनही माहिती हरवते

झेड-४ चं तर सगळं सुरक्षित होतं ना? यंत्र संग्रहालयात, काचेआड. पण त्याची माहितीपुस्तिका कुठेच सापडत नव्हती. यंत्र डोळ्यांसमोर उभं आणि ते चालवायचं कसं हे सांगणारा कागद गायब! ती पुस्तिका २०२० मध्ये झ्युरिकच्या विद्यापीठाच्या दप्तरखान्यात मिळाली. विमानविद्येत काम केलेल्या एका अभियंत्याच्या जुन्या कागदांत ती होती. त्याच कागदांत झेड-४ वर कोणकोणती गणितं सोडवली याच्या टिपाही होत्या. कुणीतरी ते कागद रद्दीत टाकले नाहीत, म्हणून.

तर मुलांच्या त्या प्रश्नाचं उत्तर असं: जुनं यंत्र दुरुस्त करताना आपण वस्तू तर वाचवतोच, पण ती वस्तू कशी विचार करत होती हेही वाचवतो. आणि ते काम जाणते लोक हयात असतानाच करावं लागतं.

वर्गात काय करता येईल?

१. यंत्राचं ओळखपत्र : शाळेतला एक जुना संगणक बाहेर काढा. मुलांच्या गटाला त्याचं लेबल वाचायला सांगा. कंपनी, मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, मागच्या जोडण्या किती आणि कोणत्या आकाराच्या, हे सगळं वहीत लिहायचं आणि छायाचित्र चिकटवायचं. भंगारात देण्याआधी एवढं तरी करू या.

२. पुठ्ठ्याचा झेड-१ : पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या, एक जाड खिळा किंवा पेन्सिल. दोन पट्ट्यांपैकी एकीला अर्धी अरुंद, अर्धी रुंद खाच कापा, दुसरीला अरुंद. तिसऱ्या पट्टीने पेन्सिल आडवी सरकवा. कधी दोन्ही पट्ट्या बरोबर जातात आणि कधी नाही, हे मुलांनी स्वतः शोधू द्या. पहिल्यांदा नक्की अडकेल. अडकू द्या.

३. आजोबांना विचारा : घरातली जुनी घड्याळं, रेडिओ, शिलाई मशीन कसं दुरुस्त करायचं हे ज्यांना येतं, त्यांच्याकडून विचारून पायऱ्या लिहून आणायच्या.

४. चर्चा : त्सुझे यांच्या हुशारीचा युद्धासाठी वापर झाला. त्यांच्या जागी आपण असतो तर? उत्तर सांगण्याची घाई करू नका.

महत्त्वाची सूचना : जुने पोट असलेले मॉनिटर आणि संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा मुलांना कधीही उघडू देऊ नका. प्लग काढल्यानंतरही त्यांत धोकादायक विद्युतदाब साठून राहू शकतो. ते काम जाणकाराचंच.

आपल्या शाळेच्या त्या बंद खोलीत काय काय आहे, ते एकदा बघून या. आणि शाळेत पहिला संगणक आला तेव्हा तो ज्यांनी जोडला होता, ते शिक्षक आज निवृत्त असतील, तर त्यांना चहाला बोलवा. वही-पेन तयार ठेवा.